तळाचे खडे

यांनी दारामागची कुदळ उचलली, तशी मी बाळाला खांद्यावर घेऊन दार अडवूनच उभी राहिले.

"अहो, ट्रकवरून चार दिवसांनी घरी आलात. दर महिन्याला दशमांश देताच ना चर्चला? मग कबरीही तुम्हीच खणायच्या?"

"आपल्या मंडळीत कबरीला मजूर लावत नाहीत. आपली माणसं खणतात."

"गेलेल्या आजींना ओळखत तरी होता का?"

"नाही," म्हणाले, आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून निघाले.

पुढं थंडीत माझी आई आमच्याकडं राहायला आली आणि एका सकाळी झोपेतच गेली. हे ट्रक घेऊन नागपूरला. पाळकसाहेबांना फोनवर कसंबसं सांगितलं. थोड्या वेळानं कुणी गेल्याची खबर देणारी चर्चची घंटा वाजली, पण मला एकच घोर लागला होता. या गावात आईला ओळखतं कोण? तिच्यासाठी कोण येणार?

दुपारी बाळाला कडेवर घेऊन दफनभूमीत गेले. चार पुरुष छातीइतक्या खड्ड्यात उतरलेले. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, खाली मुरूम लागला, म्हणून वेळ झाला," एक जण घाम पुसत खालूनच म्हणाला. "तळाचे खडे वेचून काढलेत. आईंना टोचायचे नाहीत."

तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

परवा घंटा पुन्हा वाजली. हे नुकतेच घरी येऊन टेकले होते. मीच दारामागची कुदळ काढून यांच्या हातात दिली.

"तळाचे खडे नीट वेचा हं," मी म्हणाले.