बहाव्याकडची वाट

“काका, रोज आंघोळ घालता का हो याला?” आमच्यातल्या कुणीतरी चिडवलं. काका हसले आणि पाण्याचे दोन्ही कॅन त्यांनी बहाव्याच्या बुंध्याशी रिकामे केले. सहा वर्षांपूर्वी लेक अपघातात गेली, तेव्हा हा बहावा त्यांनी टेकडीवर लावला होता.

मी टेपने उघडी पडलेली मुळं मोजत होते. चार इंच माती वाहून गेली होती. माती वाहू नये म्हणून टेकडीवरच्या कुठल्या वाटा दगड रचून बुजवायच्या, हे आम्हा स्वयंसेवकांना पावसाआधी ठरवायचं होतं.

“माती जाते कुठे गं?” काकांनी विचारलं.

मी खाली बोट दाखवलं. झाडापासून पायथ्यापर्यंत सरळ घळ पडली होती. ती वाट फक्त काकांची. कॅन घेऊन ते रोज तिथूनच चढत.

“म्हणजे मीच?”

“तीन पावसाळे या उतारावर कुठूनही पाऊल पडलं नाही, तर झाड टिकेल,” मी हळूच म्हणाले.

“मी अठ्ठ्याहत्तरचा आहे गं.”

बहाव्याला हात लावून काका खाली उतरले.

आम्ही दगड घेऊन पायथ्याशी पोहोचलो, तेव्हा घळीच्या तोंडाशी पहिला दगड ठेवलेला होता. शेजारी दोन्ही कॅन होते. काका निघून गेले होते.