पाठवलेलं टपाल

"पॉप का आयमॅप, अक्का?" चंद्रप्पानं टॅब मांडीवर घेत विचारलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

साखराबाईचा हात पोळपाटावरून हलला नाही. लातूरच्या क्लासांच्या गल्लीत तिची मेस होती. साठ पोरींचे डबे रोज तिच्या हातून जायचे.

"मला कळंल असं बोल. पोरींच्या आईबापांचं मेल भागवतच्या कॉम्प्युटरवर उतरतं. माझ्या टॅबवर काईच न्हाई. काल देगलूरचा एक बाप पोरीला घेऊन दारात उभा. म्हनला, चार दिस झाले मेल करून. मी काय दाखवू त्याला, लाटणं?"

"सध्या पॉप हाय, अक्का. ज्यानं आधी उतरवलं त्याचं ते. दुसऱ्याला ठणठणगोपाळ. आयमॅप लावलं की टपाल वर एकाच पेटीत ऱ्हातं. टॅब, फोन, कॉम्प्युटर, सगळे तिथंच बघतात. आलेलं बी दिसतं, पाठवलेलं बी."

"मग इचारत काय बसलास?"

चंद्रप्पा घुटमळला. "भागवत सर फोनवर म्हनले, आईच्या टॅबला पॉपच ऱ्हाऊ दे. तिला बाकीचं काय करायचं."

"टॅब माझ्या पोळ्यांवर आलाय. आमच्यात एकच चूल, तशी एकच पेटी. लाव."

भागवत तिचा एकुलता. भूकंपात घर बसलं तेव्हा चार वर्षांचा. नवरा दगडांखालीच गेला. पोराचा आवाज येत होता तिथली माती तिनं नुसत्या हातांनी उपसली. उजव्या हाताची दोन नखं त्या दिवशी गेली, ती परत नीट आलीच नाहीत. मग लातुरात येऊन लोकांच्या भाकरी थापल्या आणि पोराला इंजिनिअर केलं. आता तो मोठ्या क्लासात फिजिक्स शिकवायचा. टपालाचा पत्ता मात्र मेसचाच वापरायचा.

दुपारी एकला त्याचा डबा क्लासवर पोचायचाच. फक्त तो घेऊन तिनं स्वतः यायचं नाही, असं त्यानं दोनदा बजावलं होतं. "ऊन लागतं तुला," म्हणायचा. त्या बोलण्यावर ती आठवडाभर खूश होती.

चंद्रप्पा चहा पिऊन गेला. टॅब टपालानं भरत राहिला.

साखराबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली. पुढचं वाचणं ती डब्यांवरच्या नावांवरून शिकली. बोट ठेवून एकेक अक्षर. 'पाठवलेले' या शब्दावर बोट टेकलं आणि भागवतचं परवाचं मेल उघडलं. क्लासच्या मालकाला धाडलेलं. नव्या जाहिरातीचा मजकूर. वर भागवतचा फोटो, कोट घातलेला.

'भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उठलेला मुलगा,' तिनं वाचलं. ऊर भरून आला. पोरानं आठवण ठेवली म्हणायची.

बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथंच थांबलं.

तिनं चष्मा पदरानं पुसला. तीच ओळ परत वाचली. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं, जशी पोरींची नावं वाचायची तशी.

रिक्षावाला निवृत्ती डबे रिक्षात भरायला आला. सगळे भरून झाल्यावर म्हणाला, "मावशी, सरांचा डबा ऱ्हायला की."

"ऱ्हाऊ दे."

तो गेला. साखराबाईनं भागवतचा डबा उघडला. त्यात त्याच्या आवडीची शेंगाची पोळी होती. ओट्याला टेकून, उभ्यानंच, तिनं ती सगळी खाल्ली. डबा घासून पालथा घातला.

सव्वाला फोन वाजला.

"आई, डबा न्हाई आला. बरं न्हाई का तुला?"

"तुमच्या जाहिरातीत लिवलंय न्हवं, आई बी भूकंपात गेली म्हनून," साखराबाई म्हणाली. "मेलेली बाई डबा कसा धाडंल, सर?"