प्रत माहितीसाठी

"काका, सरांना माझं नाव कळणार नाही ना?" तक्रारीचा कागद माझ्या टेबलावर ठेवत तिनं विचारलं. प्रयोगशाळेत सगळ्यांचे चहाचे कप एका ट्रेमध्ये असायचे; तिचा एकटीचा खिडकीत. सरांनी तिची जात विचारून घेतली, त्या दिवसापासून.

"अगं, नियमच आहे. तक्रारदाराचं नाव गुप्त राहतं," मी म्हणालो. ती गेल्यावर मी पोचपत्र टाइप केलं, वर लाल शाईत 'गोपनीय' असा शिक्का मारला, तोही दोनदा. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं खाली लिहिलं: 'प्रत माहितीसाठी, विभागप्रमुख'.

विभागप्रमुख म्हणजे तेच सर.

महिन्याभरात तिचं संशोधन 'असमाधानकारक' ठरलं आणि नोंदणी रद्द झाली. चौकशी समितीनं गोपनीयता पाळली गेल्याचा शेरा दिला. शिक्का स्पष्ट उमटला होता.

काल ती विद्यापीठ सोडल्याचा दाखला न्यायला आली. मला मान वर करवेना. दाखला हातात घेऊन तिनं नाव, जन्मतारीख काहीच वाचलं नाही. आधी सगळ्यात खालची ओळ पाहिली.

"काका, याची प्रत कुणाकुणाला जाते?"

"कुणालाच नाही, पोरी. फक्त तुला."