साहेबांचा गालिचा

"अजून थोडा लाव. टाचेलाही," तोफ म्हणाला.

ताईने खराट्याने गटारातला काळा गाळ उचलला आणि भावाच्या गमबुटांवर थापला. वास असा सुटला की रोज त्यात उतरणारेही दोन पावलं मागे सरकले.

नगरपालिकेने कर्जरोखे काढले होते. बाहेर त्यांना कुत्रं विचारेना, म्हणून ते कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मारायचं ठरलं. दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा कापणार, दहा वर्षांनी परत देणार. पत्रकात 'स्वेच्छेने' असं छापलं होतं. ज्याला स्वेच्छा नसेल त्याची बदली कचराडेपोवर, हे मुकादमाने तोंडी सांगितलं.

ताई नगरपालिकेत झाडूवाली. लेकीच्या पायाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. आता पुढे ढकललं तर पाय वाकडाच राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. पगारातून काही कापलं की ढकलावंच लागणार.

तोफ गटारवाल्यांचा पुढारी; आवाजामुळे हे नाव पडलेलं. त्याचं हत्यार एकच, हे बूट. मागे बोनस अडला तेव्हाही तो असाच लेखाधिकाऱ्याच्या खोलीत घुसला होता. साहेब नाक धरून कसा म्हणाला, "अर्ध्यावर मिटवा, पण आधी बाहेर व्हा," ते तो नक्कल करून सांगायचा. लोक हसून हसून लोळायचे.

"मी दिलेल्या सपाता कुठायत रे?" ताईने विचारलं. "पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेल्या. नंतर घालायला बऱ्या."

"लांबवल्या गं कुणीतरी."

"मेली भिकारडी माणसं," ताई म्हणाली. आजपासून साहेबांचा मजला झाडायला आपल्याकडे आलाय हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण तोफ जिना चढायला लागला होता.

दार लागलं. आतून आवाज चढला. घास काढता का पोरांच्या तोंडचा, वगैरे. टेबलावर मूठ आदळली. जिन्याखाली माणसांना चेव आला.

तोफ घामाघूम होऊन बाहेर आला. "अर्ध्यावर आणला!"

लोकांनी त्याला घाणीसकट खांद्यावर घेतलं. ताई जागची हलली नाही. अर्धी म्हणजेही कपातच.

खाली उतरल्यावर तो तिच्यापाशी आला. मान खाली घालून म्हणाला, "जीव तोडून भांडलो, ताई. त्याखाली उतरेचना तो."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी किती करशील?"

साहेब जेवायला गेले. ताई बादली आणि फिनेल घेऊन वर गेली. भावाने केलेली घाण, आपणच काढलेली बरी.

गालिच्यावर एक डाग नव्हता. दाराच्या आत जुनं वर्तमानपत्र नीट अंथरलेलं होतं. त्यावर शेजारी शेजारी बुटांचे दोन काळे ठसे होते.

पलीकडे, साहेबांच्या समोरच्या खुर्चीखाली, निळ्या दोऱ्याने शिवलेल्या सपाता होत्या.