झुलमिराचा मुंगळा

मनाउसच्या प्रयोगशाळेत इव्होनेतीने पुन्हा पुन्हा भिंगातून पाहिलं. हा पंखवाला नर मुंगळा तिनेच नवी जात म्हणून जगापुढे आणला होता आणि त्या जातीला हौसेने आईचं नाव दिलं होतं. आज तोच नर एका जुन्या, ओळखीच्या जातीच्या राणीशी जोडी जमवताना सापडला होता. म्हणजे दोघं एकाच जातीचे. नियमाप्रमाणे आधीचं नाव राहणार आणि आईचं पुसलं जाणार.

घरी आई, झुलमिरा, तव्यावर टॅपिओकाचं धिरडं उलटत होती. आपल्या नावाचा मुंगळा तिने अख्ख्या गल्लीत मिरवला होता. इव्होनेतीने चाचरत सगळं सांगितलं.

आईने उलथनं वर उचललं. "म्हणजे त्याचं लग्न झालं म्हण की!"

"हो गं, तसंच."

"आणि आता तो बायकोचं नाव लावणार?"

"हो."

आई हातातल्या उलथन्यासकट दारात धावली आणि शेजारणीला हाक मारली.

"अगं ए राइमुंडा, बाहेर ये! जगात असा एक तरी नवरा निघाला बघ, आणि तो माझ्या लेकीने शोधलाय!"