हरेल तिची भांडी

“टेनेशियस,” ऋतिकाने शब्द टाकला.

“चिवट.” कुसुमने विळीवरची नजरसुद्धा काढली नाही. “आता माझा. मेटिक्युलस?”

“नीटनेटकं?”

“बारीकसारीक बघून काम करणारं. हरलीस.”

ऋतिका गणवेश न बदलताच मोरीवर बसली. मायलेकींचा हा करारच होता. रोज वीस इंग्रजी शब्द, आळीपाळीने विचारायचे आणि हरेल तिने भांडी घासायची. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला आठ दिवस उरले होते आणि भांडी काही ऋतिकाच्या हातून सुटत नव्हती. तिला रागही यायचा आणि हसूही.

खरं तर अलीकडे ती जिंकली तरी भांडी तिचीच. आईने भांडी घासायच्या राखेला हात लावायचा नाही, असं तिनेच बजावून ठेवलं होतं.

कारण घडलं होतं मागच्या महिन्यात. कुसुम मिरजोळ्याच्या एका कारखान्यात काजूबिया फोडायची. बारा वर्षं टरफलांचं तेल लागून तिची बोटं काळी, गुळगुळीत झाली होती. रेशन दुकानातल्या मशीनने तिचा अंगठा ओळखलाच नाही. दुकानदाराने तीनदा पुसायला लावला, मागची रांग कुरकुरली, शेवटी ऋतिकाचा अंगठा लावून तांदूळ घरी आला. त्या दिवशी कुसुम धड जेवली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने मुकादमाच्या हातापाया पडून बिया फोडायचं काम सोडलं आणि गर सोलायचं काम मागून घेतलं. घरी आली की बोटांना खोबरेल चोळत बसायची.

“रेशनसाठी एवढा?” येसूबाई म्हणाल्या. त्या शेजारी राहायच्या आणि कारखान्यातही कुसुमच्या शेजारीच बसायच्या.

“तांदूळ रोजच लागतो की,” कुसुम म्हणाली.

येसूबाईंनी कोनाड्यातली शब्दांची वही उलटी धरून पाहिली. “बारावी झाली न्हवं? मग पुरे की. एवढा शिकून काय करायचा हाय?”

“या काजूतून एक तरी बाई बाहेर पडूदे, येसूबाय.”

ऋतिकाला भरून आलं. ती उगाचच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

परीक्षेचा रविवार उजाडला. मुंबईहून निलेशचा, ऋतिकाच्या बाबांचा, फोन आला. “सगळं घेतलंत ना? घाबरायचं नाय.” एवढंच बोलला, पण फोन काही ठेवीना. शेवटी ऋतिकानेच ठेवला.

केंद्र मिरजोळ्यातच होतं, काजूच्या कारखान्यापासून दोन वळणांवर. रिक्षात दोघी शब्द घोकत होत्या. हॉलतिकिटाची फाइल ऋतिकाने छातीशी धरली होती. यंदा जमलं नाही तर पुन्हा कोण एवढी उमेद धरणार, हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी ते बोललं नाही.

फाटकाशी दोरी बांधली होती. टेबलावर रेशन दुकानातल्यासारखंच मशीन होतं.

“अंगठा जुळला तरच आत,” टेबलामागचा माणूस म्हणाला. “पालकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं.”

ऋतिकाने आईकडे पाहिलं. आई मशीनकडे बघत होती.

“टेनेशियस?” ऋतिका हळूच म्हणाली.

“चिवट.”

ऋतिकाने फाइल आईच्या हातात दिली आणि दोरीच्या मागे पालकांमध्ये जाऊन उभी राहिली. कुसुमने अंगठा पदराला पुसून मशीनवर ठेवला. लाल दिवा लागला. तिने परत पुसला, परत ठेवला, आणि दिवा हिरवा झाला.