तीन शिफ्टा

सकाळी दहाला नानांना भोसरीच्या कारखान्यातून थेट दवाखान्यात आणलं. मी त्यांना बजावलं, "चोवीस तास दाखल राहिलात तरच विमा मिळतो."

धापा टाकत ते हसले. "म्हंजे तीन शिफ्टा. काढतो की!"

मग जाग आली की विचारायचे, "तनू, सुटली का गं शिफ्ट?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी म्हणाले, "सुटली, नाना."

"बरं झालं," म्हणत त्यांनी डोळे मिटले, ते कायमचेच.

विमा नाकारला गेला. पहिले दोन तास नाना नुसते देखरेखीखाली होते. दाखल झाल्याची नोंद बाराची होती.



मी वेळ नीट मोजली असती, तर नाना बारापर्यंत थांबले असते.